वैरण्याआधीची मूठ

मिझोरामच्या ऐझॉल शहरात सकाळचं जेवण आठ-नऊ वाजताच उरकतं. शाळा, कचेरी, दुकान सगळं त्यानंतर. त्यामुळे आधण चढतं ते उजाडता उजाडता. घरातली बाई मापानं तांदूळ काढते, धुवायला घेण्याआधी त्यात हात घालते, एक मूठ भरते आणि शेजारच्या डब्यात सोडते. मग उरलेले तांदूळ धुऊन वैरते. संध्याकाळच्या जेवणाला पुन्हा तेच. कुणी बघत नसतं आणि तीही थांबत नाही. भाजीत मीठ पडावं तशी ती मूठ पडते.

मिझो भाषेत या मुठीला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. बुहफाई म्हणजे कांडून साफ केलेला तांदूळ, थाम म्हणजे मूठ. प्रेसबिटेरियन चर्चमधल्या बायकांची ही रीत 1910 सालची आहे. तेव्हा टेकड्यांवरच्या घरांत रोख पैसा नव्हताच म्हटलं तरी चालेल. देण्यासारखं होतं ते घासातला घास. आजही महिला मंडळाच्या बायका वस्तीत दारोदार फिरून डबे रिकामे करून घेतात. जाड, बारीक, रेशनचा, बाजारचा असा सगळा तांदूळ एकत्र होतो. तो विकून आलेला पैसा चर्चच्या कामाला जातो.

थोडा हिशेब मांडून पाहावा. एक मूठ 50 ग्रॅमची धरली तर दिवसाला 100 ग्रॅम, महिन्याला तीन किलो, वर्षाला 36 किलो. अशी हजार घरं म्हणजे 36 टन. हे सगळं कुणा धनवंताच्या देणगीशिवाय.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. लोरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी 11 जानेवारी 1894 रोजी होडीनं सैरांगला पोचले. मिझो भाषा त्यांनीच रोमन लिपीत बसवली. त्याच वर्षी इकडे मिरजेत प्रेसबिटेरियन मिशनच्या डॉ. वॉनलेस यांनी दवाखाना उभा केला. तेच पुढं वॉनलेस हॉस्पिटल म्हणून ओळखलं गेलं. वेल्श प्रेसबिटेरियन मिशनचे डी. ई. जोन्स 1897 मध्ये ऐझॉलला आले आणि तिथून हे चर्च वाढलं. 2011 च्या जनगणनेत मिझोरामचे 87 टक्के लोक ख्रिस्ती नोंदले गेले. त्यांत प्रेसबिटेरियन पंथ सर्वांत मोठा.

पण हे चर्च समजून घ्यायचं तर तिथला आठवडा पाहावा. सोमवारी रात्री तरुणांची सभा असते. त्यांची संघटना 1935 सालची. मंगळवारची रात्र बायकांची, बुधवारी आणि शनिवारी रात्री सगळ्यांची प्रार्थना. रविवारी तर सकाळी संडे स्कूल, तेही नुसतं पोरांचं नव्हे. पांढऱ्या केसांची माणसंही वही-बायबल घेऊन आपापल्या वर्गात बसतात. नंतर दुपारची उपासना, मग रात्रीची. दुकानं बंद आणि एरवी गाड्यांनी तुंबलेले चढउतार मोकळे. एका पाळकाकडे अनेक मंडळ्या असल्यामुळे रोजचा कारभार ‘उपा’ म्हणजे वडीलजन पाहतात. प्रत्येक वस्तीला, म्हणजे ‘वेंग’ला, आपली मंडळी आणि आपला घंटानाद असतो.

तिथला ‘खुआंग’ विसरता येत नाही. झाडाचं खोड पोखरून, दोन्ही तोंडांना कातडं ताणून केलेला हा ढोल. जुन्या धर्माशी आणि मद्यपानाच्या मैफलींशी नातं म्हणून सुरुवातीला मिशनरींनी तो चर्चबाहेर ठेवला होता. 1919 च्या सुमारास भक्तीची मोठी लाट आली आणि तिच्याबरोबर ढोल आत शिरला. आज त्याच्या संथ ठोक्यावर सगळी सभा एकसुरात गाते, आणि गाणं रंगलं की माणसं उठून ढोलाभोवती फेर धरतात. वारी पाहिलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. कुणाच्या घरी मृत्यू झाला की याच ढोलासह शेजारी त्या घरात जमतात आणि रात्री गाण्यात काढतात. कबर खणायला वस्तीतले तरुण न बोलावता येतात. दुःखात घर एकटं पडू देत नाहीत. पाहुणचार याहून वेगळा काय असतो? 2021 नंतर म्यानमारमधून हजारो माणसं सीमा ओलांडून आली, तेव्हा त्यांना आसरा देण्यात मंडळ्या आणि गावकरी पुढे होते.

या मुठीची खरी कसोटी दुष्काळात लागत आली. मिझो टेकड्यांवर साधारण 48 वर्षांनी ‘मौतक’ जातीच्या बांबूला एकाच वेळी फुलोरा येतो. फळांवर उंदीर माजतात आणि फळं संपली की शेतं-कणग्या फस्त करतात. याला ‘मौताम’ म्हणतात. मूठ सुरू झाली 1910 मध्ये आणि मौताम आला 1911 मध्ये. रीत कोवळी असतानाच घरातला तांदूळ आटला, तरी ती टिकली. 1959 च्या मौतामनंतरही टिकली आणि त्यातून पेटलेल्या मिझो बंडाच्या काळातही. मार्च 1966 मध्ये ऐझॉलवर भारतीय विमानांनी बॉम्ब टाकले, गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला वसवली गेली. 1986 च्या मिझो शांतता करारापर्यंतची वाट घडवण्यात चर्चच्या पुढाऱ्यांचा हात होता.

मराठी वाचकाला इथं कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवेल. मूठमूठ धान्यातून वसतिगृहातल्या पोरांची ताटं भरली, तीही बायांच्याच हातून.

हे ‘बायांच्या हातून’ मात्र सलतं. मूठ काढायची बायकांनी, गोळा करायची बायकांनी. पण पाळक आणि उपा या जागा शंभराहून अधिक वर्षं पुरुषांच्याच राहिल्या. धर्मशास्त्राच्या पदव्या घेतलेल्या मिझो स्त्रिया आहेत, त्यांनी हा प्रश्न लेखनातून आणि सभांतून मांडलाही आहे. ज्या संस्थेचा पाया दोन वेळच्या चुलीवर उभा आहे, तिला या प्रश्नाला उत्तर द्यायला इतका वेळ लागावा, ही गोष्ट आदर बाळगूनही खटकते.

दुसरी अडचण तांदळाची. झूम म्हणजे फिरत्या शेतीतला भात राज्याला पुरत नाही. बराचसा तांदूळ आसामकडून ट्रकनं येतो. जुलै 2021 मध्ये सीमेवर गोळीबार झाला आणि तो रस्ता काही दिवस अडला, तेव्हा ही निकड सगळ्यांना कळली. सप्टेंबर 2025 मध्ये रेल्वे सैरांगला पोचली, मिशनरींची होडी लागली होती त्याच गावी. पुढं तांदूळ स्वस्त होईलही. पण तो आता आपल्या उतारावर पिकवलेला नसतो, पिशवीतून विकत आणलेला असतो. आपल्या कणगीत हात घालणं वेगळं आणि पिशवीत घालणं वेगळं.

तिसरी बाब घराची. बाई नोकरीला जाते, कुकरचं बटण कधी मुलगा दाबतो, कधी नवरा. मूठ काढायची आठवण कुणी ठेवायची? कुणाला वाटेल, सरळ पैसेच द्यावेत. दशमांश आणि इतर वर्गण्या रोखीनं जातातच. हिशेबाला तेही चालेल. पण पैसे महिन्यातून एकदा आठवतात. मूठ दिवसातून दोनदा, आणि तीही भूक लागलेली असताना. नवऱ्यानं किंवा मुलानं कुकर लावताना ती मूठ काढली तर रीत मोडत नाही, उलट तिचा भार पहिल्यांदा वाटला जातो. मंडळातल्या बायका आजही पोती घेऊन पायऱ्यापायऱ्यांनी चढतात. दार उघडतं, डबा पुढे येतो, तांदूळ पोत्यात पडतो आणि रिकामा डबा पुन्हा तांदळाच्या पिशवीशेजारी जाऊन बसतो.