संजीवनीपासून बुधल्यापर्यंत

राजगड–तोरणा–रायगड हा सह्याद्रीतला जुना, लांब पल्ल्याचा ट्रेक. सलग चालत राहिलं तर घाटमाथ्यावरून थेट कोकणात उतरवतो. त्यातला राजगड ते तोरणा हा टप्पा एका दिवसाचा. दोन्ही गड दिवसभर नजरेसमोर असतात, एक पाठीशी आणि एक पुढ्यात. हवेतून अंतर फार नाही, पण धारेवरून पायी सहा-सात तास लागतात. पाठीवर मुक्कामाचं ओझं असेल तर आठही.

दिवसाचं सगळ्यात महत्त्वाचं काम निघायच्या आधीच, पद्मावती माचीवर, उरकावं लागतं. ते म्हणजे पाणी भरणं. पुढे धारेवर भरवशाचं पाणी नाही, म्हणून माणशी तीन-चार लिटर घ्यायचं. म्हणजे पाठीवर तेवढे किलो वाढले. जड बाटल्या सॅकमध्ये पाठीला चिकटवून ठेवल्या की चढावर तोल मागे जात नाही. एक बाटली मात्र हाताला येईल अशी बाहेर हवी. दर वेळी सॅक उतरवावी लागली की माणूस प्यायचा कंटाळा करतो आणि दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात.

उजाडता उजाडता आम्ही बालेकिल्ला डावीकडे ठेवत संजीवनी माचीकडे निघालो. राजगडाच्या तीन माच्यांपैकी ही पश्चिमेची. तीन टप्प्यांत उतरत जाते आणि लांबतच राहते. तटबंदी दुहेरी. आतला तट आणि बाहेरचा तट यांच्यामध्ये जेमतेम माणूस चालेल एवढी फट. बाहेरचा तट फोडून शत्रू आत घुसलाच, तरी तो या फटीत अडकणार आणि वरून मार खाणार. गड पाहायला आलेली माणसं इथे फोटो काढतात आणि मागे फिरतात. तोरण्याकडे जाणाऱ्याला मात्र ही माची अशी का बांधली हे पुढच्या तासाभरात पायांनीच कळतं. गडाच्या इतर बाजूंना कडे राखण करतात. या एकाच बाजूला डोंगराची सोंड निघून थेट तोरण्यापर्यंत जाते. चालत येता येईल अशी वाट डोंगरानं इथेच ठेवली, म्हणून बांधणाऱ्यांनी सगळी हुशारी इथेच खर्च केली.

बाहेर पडायचं ते अळू दरवाजातून. वाघानं सांबराला उताणं पाडलंय असं शिल्प या दरवाजावर आहे. तोरण्याकडून येणाऱ्याला गडानं दिलेली ही पहिली समज.

दरवाजाबाहेर घसारा सुरू होतो. डिसेंबरात मुरूम सुटा झालेला असतो आणि त्यावर वाळलेलं गवत आडवं पडलेलं. हे गवत ओल्या शेवाळाइतकंच निसरडं. इथे टाच रोवून, अंग थोडं तिरकं ठेवून, छोटी पावलं टाकत उतरायचं. मागचा माणूस पुढच्याच्या डोक्यावर येणार नाही इतकं अंतर ठेवायचं, कारण सुटलेला धोंडा आवाज द्यायच्या आत खाली पोचतो. आमच्यातला सगळ्यात सावकाश उतरणारा गडी पुढे होता. अनुभवी गट असंच करतात. तो मागे राहिला की बाकीचे पुढे जाऊन थांबतात, तो पोचला की लगेच उठतात, आणि ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता खिंडीत धार ओलांडतो. रस्ता पार करून पुन्हा चढ. आता उजवीकडे कानद खोरं, डावीकडे भाटघर धरणाचं लांबवर पसरलेलं पाणी. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, त्यामुळे चढ कधी एकसारखा नसतो. काळ्या कातळाचा उभा टप्पा, त्यावर गवताची सपाट पट्टी, पुन्हा कातळ. सपाटीवर धावायचं नाही आणि कातळावर रेंगाळायचं नाही, एवढं सांभाळलं की दम पुरतो.

खरी परीक्षा ढोरवाटांची. गुरं चरत चरत डोंगराच्या कुशीत आडवी जातात आणि त्यांच्या वाटा माणसांच्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात. चढ टळतोय या मोहानं त्या धरल्या की वाट हळूहळू दरीकडे उतरते आणि गवतात विरून जाते. म्हणून नियम एकच, धार सोडायची नाही. वर एका झापाशी मावशी ताक विकत बसल्या होत्या. पुढची वाट विचारली तर हातातला तांब्या न ठेवता म्हणाल्या, "रुंद वाट दिसंल ती गुरांची. तुमी बारकी धरा. पावसाळा सरला की आमची पोरं कोयत्यानं मोकळी करत्यात ती."

बारकी वाट कारवीत शिरली. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून वाळते. वाळलेली काठी हातात कटकन मोडते, म्हणून चढताना आधाराला एकच काठी धरायची नसते. चार-पाच काठ्या एकत्र, अगदी मुळाशी धरायच्या. कारवी संपली की धार अरुंद होते, दोन्ही बाजूंना दरी उघडी पडते. ट्रेकर याला दृष्टिभय म्हणतात. पायाखाली वाट फूट-दीड फूट असते, पुरेशी असते, पण डोळ्यांना ती पुरत नाही. इथे बोलणं आपोआप बंद होतं.

दुपारी ऊन समोरून येतं. सावली नाही, पाणी अर्ध्यावर आलेलं, आणि तोरणा आता इतका जवळ की मान वर करावी लागते. पुणे जिल्ह्यातला हा सर्वांत उंच गड आणि शेवटचा चढ सगळ्यात उभा. लोखंडी शिडी चढून बुधला माचीवर पोचलो, तेव्हा सकाळचंच दृश्य उलट बाजूनं दिसलं. इथेही धारेच्या तोंडाशी बुरूज, इथेही वाट शेवटच्या क्षणी चिंचोळी केलेली. वेल्ह्यातून चढणाऱ्याला तोरणा प्रचंड वाटतो, धारेवरून येणाऱ्याला तो सावध वाटतो. माचीवरून कोकण दरवाजा, मग मेंगाईचं देऊळ.

2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले. त्यांत राजगड आहे, रायगड आहे, मधला तोरणा नाही. धारेचं तर नावच कुठे यायचं कारण नाही. तरी राजगडाची संजीवनी कळायला ही धारच चालावी लागते, आणि ती चालण्याजोगी राहते ती कोयता घेऊन येणाऱ्या वाडीवरच्या पोरांमुळे.

देवळाच्या ओट्यावर बसून उद्याचा हिशेब केला. मोहरी, रायलिंगचं पठार, मग बोराट्याच्या नाळेनं कोकणात उतार. नाळ म्हणजे नुसते दगडधोंडे, गुडघ्यांचं काम. मोहरीत पाणी मिळेल, म्हणून सकाळी माणशी दोनच लिटर भरायचं ठरलं.