चॉकलेट पांढरं का पडतं? विषय आणि प्रश्न यांतला फरक

"हा विषय झाला. प्रश्न कुठे आहे?" सिनॉप्सिस घेऊन गाइडकडे गेलात की हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच. माझा आराखडा दोनदा परत आला, दोन्ही वेळा शेरा हाच. फरक मला खरा कळला तो सुट्टीत, दहा वर्षांच्या भाचीमुळे.

ताई आणि मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे जर्मनीला आली होती. एक दिवस आम्ही कोलोनचं चॉकलेट संग्रहालय बघायला गेलो. ऱ्हाईन नदीच्या काठावर, 1993 साली सुरू झालेलं. कोकोची झाडं असलेलं काचघर, काचेपलीकडे चालणारी यंत्रं आणि शेवटी 3 मीटर उंच चॉकलेटचं कारंजं. धाकटा भाचा त्या कारंज्यापासून हलेना. भाची मात्र एका वाक्यावर अडून बसली होती: "मामा, आपल्या घरचं चॉकलेट पांढरं का पडतं?"

मागच्या वर्षी पुण्यात असंच एक चॉकलेट मी "बुरशी आलीय" म्हणून फेकून दिलं होतं. ते तिला आठवत होतं. मी सांगितलं, ती बहुतेक बुरशी नव्हती. त्यावर ती म्हणाली, "मग तू तपासलं का नाहीस?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. बाहेर नदीकाठी बसून मला माहीत होतं ते तिला सांगितलं. तेच तुम्हालाही सांगतो.

चॉकलेटमधलं कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारे स्फटिक बनवू शकतं. विली आणि लटन यांनी 1966 मध्ये हे सहा प्रकार मांडले. पहिला साधारण 17 अंशांना वितळतो, पाचवा जवळपास 34 अंशांना. आपल्याला हवा असतो पाचवा: हातात टिकतो, तोंडात विरघळतो, मोडताना कट्‌ असा आवाज येतो. तो मिळावा म्हणून कारखान्यात चॉकलेट ठरावीक तापमानाला गार-गरम करतात. त्याला टेंपरिंग म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात चॉकलेट वितळतं, मग आपण ते फ्रिजमध्ये टाकतो. ते घट्ट होतं खरं, पण स्फटिक भलत्याच प्रकारचे बनतात. हळूहळू ते बदलतात, चरबी पृष्ठभागावर येते आणि पांढुरकी झाक दिसते. दुसरं कारण ओलावा. फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर पाणी जमतं, त्यात साखर विरघळते, पाणी उडून गेलं की साखरेचा खरखरीत थर उरतो.

म्हणजे एकाच पांढरेपणाची दोन कारणं. मग ओळखायचं कसं? पाण्याचा थेंब टाकायचा. साखर असेल तर विरघळते, चरबी असेल तर थेंब तसाच गोळा होऊन राहतो.

घरी येऊन भाचीने एकाच पाकिटातल्या दोन वड्या घेतल्या. एक तशीच ठेवली, दुसरी खिडकीतल्या उन्हात वितळवून पुन्हा घट्ट केली. दोन दिवसांनी दुसरीवर करडे डाग आले. थेंब टाकला, तो तसाच राहिला. ती उड्या मारायला लागली. पण एका वडीवरून काही सिद्ध होत नाही, हे तिलाही सांगावं लागलं आणि तुम्हीही लक्षात ठेवा. महत्त्वाचं आहे ते हे की तिने न बदललेली वडी शेजारी ठेवली होती. आपण त्यालाच 'कंट्रोल' म्हणतो.

आता बघा, प्रश्न कसा सरकत गेला. 'चॉकलेट' हा विषय. 'पांढरं का पडतं' हा प्रश्न, पण मोठा. 'या वडीवरचा थर चरबीचा की साखरेचा' हा तपासता येणारा प्रश्न, कारण कोणतं निरीक्षण आलं तर आपण चुकलो हे आधीच सांगता येतं.

संशोधक इथून आणखी आत गेले. चरबी वर येते हे माहीत होतं, पण आतून नेमकी कशी सरकते? हॅम्बुर्गमधल्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये डेझी संस्थेतल्या प्रखर क्ष-किरणांखाली चॉकलेटच्या घटकांची बारीक पूड ठेवली आणि तिच्यावर सूर्यफुलाच्या तेलाचा थेंब टाकला. तेल काही सेकंदांतच अगदी सूक्ष्म छिद्रांत शिरलं. नंतर काही तासांत ते चरबीचे स्फटिक विरघळवू लागलं आणि आतली रचना सैल पडली. त्यातून उपायाची दिशाही मिळाली: छिद्रं कमी करा, योग्य तापमानाला साठवा.

तुमचा विषय आज रात्री कागदावर लिहा. खाली त्याबद्दलचा एक प्रश्न लिहा. मग स्वतःला विचारा: काय दिसलं तर माझं उत्तर चूक ठरेल? हे एका ओळीत लिहिता आलं नाही तर तुमच्याकडे अजून विषयच आहे. काळजी करू नका, प्रश्न आणखी लहान करा.

माझा आराखडा तिसऱ्यांदा मंजूर झाला. ताईला फोनवर सांगितलं, तर मागून भाचीचा आवाज आला: "तपासलंस ना नीट?"