न्हाणीघर खाली असावे की वर?

गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी भिंतीला भिंत लावून दुमजली घर बांधावयाचे ठरले म्हणजे नकाशा नगरपरिषदेकडे मंजुरीस जाण्यापूर्वी बैठकीच्या मापावरून, जिन्याच्या दिशेवरून आणि देवघराच्या कोपऱ्यावरून घरात पुष्कळ खल होतो. परंतु घरातील लहानथोर प्रत्येकाला ज्या जागेशी रोज काम पडते ते न्हाणीघर आणि संडास तळमजल्यावर असावे की वरच्या मजल्यावर, हा प्रश्न बहुधा मिस्त्रीच्या मर्जीवर सोपविला जातो. ही उपेक्षा पुढे महागात पडते. कारण खिडकी मोठी करता येते, रंग बदलता येतो, पण जमिनीत गाडलेले नळ आणि स्लॅबमध्ये सोडलेला खोलगट भाग बदलावयाचा म्हणजे अर्धे घर उकरावे लागते.

निजामाच्या अमदानीत मराठवाड्यात बांधलेल्या माळवदाच्या घरांना असा प्रश्न पडत नसे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशा छताचा मुख्य शत्रूच पाणी असल्यामुळे न्हाणी नेहमी खाली, मागील दारी असे. उतरती दगडी फरशी, शेजारी चुलाणे, त्यावर तापलेले पाणी विसणावयास तांब्याचे घंगाळ, आणि मोरीतून वाहत परसातल्या केळीला जाणारे सांडपाणी, अशी ती साधी पण विचारपूर्वक केलेली रचना होती. संडास मात्र परसाच्या टोकाला असे, आणि जेथे तो टोपलीचा असे तेथे ती टोपली डोक्यावरून वाहून नेण्याचे काम समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांच्या माथी मारले होते. गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन गावोगाव स्वच्छतेचा धर्म शिकविला, कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीच्या कार्यास स्वतःला वाहून घेतले. आणि कायद्याने या अमानुष प्रथेला १९९३ साली व अधिक कठोरपणे २०१३ साली प्रतिबंध केला. पाण्याच्या बुचाने दुर्गंधी अडविणारे भांडे आल्यामुळेच संडास परसातून घरात, आणि घरातून वरच्या मजल्यावर जाऊ शकला, हे विसरता कामा नये.

इंग्लंडातील कामगार वस्त्यांच्या ओळघरांचा इतिहासही असाच आहे. एकोणिसाव्या शतकातील त्या घरांत न्हाणीघर नव्हतेच. संडास मागील अंगणात असे. १९५१ च्या शिरगणतीतदेखील ब्रिटनमधील एकतृतीयांशाहून अधिक कुटुंबांकडे स्नानाचे कायम बसविलेले टब नव्हते. पुढे सुधारणेसाठी सरकारी अनुदाने मिळू लागली तेव्हा कोणी स्वयंपाकघराच्या मागे वाढीव बांधकाम करून खाली न्हाणीघर केले, तर कोणी वरची एक निजावयाची खोली त्यासाठी दिली. पहिल्या प्रकारात रात्री जिना उतरावा लागे, दुसऱ्यात एक खोली गमवावी लागे. आणि हा पेच तेथील रहिवाशांना आजही सोडवावा लागतो.

आपल्याकडे या पेचात पाण्याचा हिशेब प्रथम येतो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब केवळ उंचीवर अवलंबून असतो. दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, असे त्याचे प्रमाण आहे. टाकी नुसती गच्चीवर टेकविलेली असेल, तर वरच्या मजल्यावरील फवाऱ्याला जेमतेम एक मीटरची उंची मिळते, खालच्या फवाऱ्याला चार मीटरची. म्हणजे खाली दाब जवळजवळ चौपट. वर न्हाणीघर करावयाचे असेल तर टाकी दीड-दोन मीटर उंच चौथऱ्यावर चढविणे आवश्यक आहे, आणि हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन भार, हे ध्यानात घेऊनच त्या चौथऱ्याची तजवीज केली पाहिजे. उलट गच्चीवर सौर बंब असेल तर वरच्या न्हाणीघराला गरम पाणी लवकर पोहोचते. वीस मिलिमीटर आतील व्यासाच्या नळात मीटरमागे सुमारे तीनशे मिलिलिटर पाणी साठते. बारा मीटर नळ खाली उतरत असेल तर गरम धार येण्यापूर्वी पावणेचार लिटर थंड पाणी वाहून जाते. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात, जेथे पैठणच्या जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून जात असूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याचे प्रसंग येतात, हे पाणी बादलीत धरून ठेवण्याची सवयच घराला लागली पाहिजे. शिवाय वीज गेली आणि मोटार बंद पडली की हौदातले पाणी हाताने उपसावे लागते. तेव्हा त्या बादल्या जिना चढून नेणारा हात बहुधा घरातल्या बाईचाच असतो.

दुसरा हिशेब जमिनीचा. गोदाकाठच्या या तालुक्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या हालचालीने जमिनीत पुरलेल्या नळांचे सांधे सुटतात, आणि सुटलेल्या सांध्यातून झिरपणारे पाणी पायाजवळची माती पुन्हा फुगविते. म्हणून खालच्या न्हाणीघराचे नळ वाळूच्या किंवा मुरुमाच्या थरावर बसवावेत, आणि प्रत्येक वळणावर उघडून पाहता येईल असे चेंबर ठेवावे. हीच माती पाणी सावकाश शोषत असल्याने शोषखड्डा नुसत्या अंदाजाने खोदणे धोक्याचे आहे. आणि तो आपल्या किंवा शेजाऱ्याच्या बोअरपासून शक्य तितका दूर ठेवणे हे शेजारधर्मापेक्षाही आरोग्याचे कर्तव्य आहे.

तिसरा हिशेब ओलीचा. वरच्या न्हाणीघरासाठी स्लॅबचा तेवढा भाग नऊ इंचांपासून फूटभर खाली घेतात, त्यात नळ बसवून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर फरशी घालतात. फरशीच्या सांध्यातून थेंबाथेंबाने उतरलेले पाणी त्या कोब्यात दिसेनासे होऊन साठते, आणि काही महिन्यांनी खालच्या छताला पिवळसर डाग पडून पोपडे सुटू लागतात. सामाईक भिंत असेल तर ती ओल शेजाऱ्याच्या घरातही उतरते व तक्रारीस कारण होते. यावर उपाय एकच: कोबा भरण्यापूर्वी तो खळगा पाण्याने भरून तीन दिवस तसाच ठेवावा, खालून छत निरखावे, आणि ओलीचा मागमूसही नाही अशी खातरजमा झाल्यावरच मिस्त्रीला पुढचे काम करू द्यावे. ओळघराला उजेड आणि हवा पुढून व मागूनच मिळते. म्हणून मधोमध न्हाणीघर करणाऱ्याने गच्चीपर्यंत उघडा झरोका अवश्य सोडावा.

हे सर्व मान्य करूनही शेवटचा निर्णय माणसांवरून व्हावा. ज्या घरात गुडघे धरलेली आजी, बाळंतीण किंवा पाय मोडून अंथरुणाला खिळलेला कर्ता पुरुष कधी ना कधी असणारच, आणि असे माणूस नसलेले घर कोठेच नाही, त्या घरात रात्री-अपरात्री जिना चढण्यावाचून गत्यंतर नसावे, ही रचनाकाराची निष्ठुरता आहे. एकच न्हाणीघर परवडत असेल तर ते निःसंशय खालीच बांधावे. त्याचे दार बाहेर उघडणारे असावे, फरशी खडबडीत असावी, आणि संडासाच्या भांड्याशेजारी भिंतीत धरावयास भक्कम दांडी बसवावी. दुसऱ्या न्हाणीघराची ऐपत पुढे येईल असे वाटत असेल, तर वरचे न्हाणीघर बरोबर खालच्याच्या डोक्यावर येईल अशा बेताने उभे नळ आणि खोलगट स्लॅब यांची तरतूद आजच करून ठेवावी. स्वयंपाकघरावर किंवा देवघरावर ते येऊ देऊ नये. नकाशावर सही करण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाला त्यावर बोट ठेवून विचारा, की रात्री येथवर जाता येईल का. आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले, तर सही न करता नकाशा परत पाठवा.