गेमिंग संगणक घेताना: सवलतीआधी आतले पाहा

सणासुदीच्या सवलतीत तयार गेमिंग संगणक स्वस्त दिसतो. मुलांचा हट्ट आणि पालकांचा खिसा, दोन्ही सांभाळायचे तर पुढे त्यात काय काय वाढवता येईल, हे आधी पाहावे असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट पॉवर सप्लाय. मदरबोर्डचा स्लॉट ग्राफिक्स कार्डाला फार तर ७५ वॉट देतो. आठ पिनांची वायर आणखी १५० वॉट. ती वायर नसेल तर मोठे कार्ड विसरा. भेलच्या बरखेड्यात वॉटचा हिशेब वेगळा शिकवायला नकोच!

दुसरी, मापे. १९९५ पासून एटीएक्स हे प्रमाण माप रूढ आहे. काही कंपन्या मात्र स्वतःच्याच मापाचे मदरबोर्ड व पॉवर सप्लाय बसवतात. ते बिघडले की बाजारातला भाग बसत नाही.

तिसरी, रॅम. एखादा स्लॉट रिकामा आहे का, ते विचारा. डीडीआर-४ च्या जागी डीडीआर-५ बसत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून विंडोज ११ चालते ना, तेही पाहा. कॅबिनेट उघडल्यास वॉरंटी राहते का, हे लेखी घ्या.

उत्तरे समाधानकारक असतील तरच सवलत खरी. नाहीतर थोड्याच वर्षांत दुसऱ्या संगणकाचा खर्च ठरलेला.