दाताखालचे हाड

सोलापूरच्या नवी पेठेत कापडखरेदीस आलेल्या आणि वर्षानुवर्षे मिश्री लावून दात खिळखिळे होऊन पडलेल्या एखाद्या वृद्धेस दंतवैद्याने, ‘आजी, दात बसवता येतील, पण बसवायला हाडच उरलेले नाही,’ असे सांगितले, तर तिला ते चमत्कारिक वाटावे यात नवल नाही. कारण दात पडला की नुकसान तेवढ्यावरच थांबले, अशीच आपणा सर्वांची समजूत असते.

वस्तुस्थिती निराळी आहे. जबड्याचा जो भाग दातांची मुळे धरून ठेवतो, तो चर्वणाच्या दाबावरच जगतो. दात गेला की शरीर ते हाड निरुपयोगी ठरवून शोषून घेऊ लागते, आणि पहिल्या वर्षभरातच त्याची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते. कवळीचा भार हिरडीवर पडत असल्यामुळे ही झीज थांबत नाही, आणि एके काळी चपखल बसणारी तीच कवळी पुढे भाकरीच्या घासासरशी उचलली जाते.

यावरचा इलाज स्वीडनमध्ये अकल्पितपणे सापडला. सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी तेथील संशोधक ब्रोनेमार्क यांनी बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाले आणि निघेना. त्याच धातूचे स्क्रू, दातांच्या मुळांऐवजी, त्यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात बसविले, व ते त्याच्या मृत्यूपर्यंत, सुमारे चाळीस वर्षे, टिकले.

मात्र स्क्रू रुजण्यासही हाड लागतेच. ते अपुरे असल्यास रुग्णाच्याच हनुवटीचे वा कमरेचे, किंवा प्राण्यांचे प्रक्रिया केलेले हाड भरतात. वरच्या दाढांपाशी सायनसचा नाजूक पडदा अलगद उचलून त्याखाली ही भर घालतात, आणि ती पक्की होईपर्यंत कित्येक महिने थांबतात.

२०२१ साली करोनापाठोपाठ आलेल्या म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाने महाराष्ट्रातील अनेक रुग्णांच्या बाबतीत ही तजवीजही अपुरी ठरविली. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्त गोठविते आणि हाड मृत होते; तेव्हा वरचा जबडाच काढावा लागला. अशांसाठी तीस ते पन्नास मिलिमीटर लांबीचे स्क्रू थेट गालाच्या हाडात रोवून त्यांवर दात उभारता येतात. बोलणे आणि गिळणे परत मिळवून देणाऱ्या या शस्त्रक्रियेस केवळ सौंदर्याची बाब समजणे मला अन्यायाचे वाटते.

अर्थात बुरशीचा समूळ नायनाट झाल्याविना आणि रक्तातील साखर आटोक्यात आल्याविना कोणताही जाणता शल्यविशारद या शस्त्रक्रियेला हात घालीत नाही. तंबाखू व मिश्री तर बंदच करावी लागते, कारण त्यांनी हिरडीचा रक्तपुरवठा घटून रोवलेला स्क्रू न रुजण्याचा धोका वाढतो. आणि ज्यांची दाढ आता काढावयाची आहे, त्यांनी त्याच वेळी रिकाम्या खळग्यात हाडाची भर घालता येईल काय, हे दंतवैद्यास अवश्य विचारावे.