ताप येईल, घाबरू नका

भाईंदर पश्चिमेच्या मोरवा गावात दीड महिन्याच्या बाळाला पाच घटकांची पेंटाव्हॅलंट लस टोचली की आशाताई आईला बजावतात, ‘रात्री ताप येईल, घाबरू नका.’ असाच ताप सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसाने मुद्दाम अंगावर घेतला होता.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. मांसाच्या रश्श्यात त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले आणि वर तुपाचे थेंब सोडले. थेंबांच्या बुडाला धरून जंतू वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबू लागले. चंबू हलवला की पारंब्या तळाशी बसत, वर नव्या फुटत. भरपूर पीक आलं की तासभर सुमारे ७० अंशांवर तापवून जंतू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालायचं. मेलेला जंतू रोग देत नाही, पण त्याची ओळख शरीराला पटते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस बेतलेल्या मात्रेहून जास्त प्रमाणात स्वतःला टोचून घेतली. सणकून ताप आला, दंड दुखला, मग सगळं ओसरलं. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला गेली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

मोरव्यातल्या बाळाच्या सुईतही हाफकिन यांची रीत आहे. पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याचे अख्खे, मारलेले जंतू असतात. ताप येतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

लसीतल्या बाकीच्या चार घटकांची तऱ्हा वेगळी. घटसर्प आणि धनुर्वात यांत घात करतं ते जंतूने सोडलेलं विष. म्हणून जंतू वाढवून विष गाळून घेतात आणि फॉर्मलिनने निकामी करतात. हिब नावाच्या जंतूच्या अंगावर साखरेचं कवच असतं, पण तान्ह्याचं शरीर नुसत्या साखरेची फारशी दखल घेत नाही. मग ती साखर धनुर्वाताच्या त्याच निकामी विषाला जोडतात. हीच युक्ती वापरून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी मेंदूज्वराची लस केली. २०१०पासून ती तिथे दिली जाऊ लागली. पाचवा घटक हिपॅटायटिस-बीचा. त्यासाठी जंतूंऐवजी यीस्ट राबतं.

डांग्या खोकल्याची ओळख हळूहळू पुसट होते. म्हणून दीड वर्षाच्या सुमारास बाळाला पुन्हा बोलावतात. तेव्हाही आशाताई तेच सांगतील.