उघड्या डोंगरांवर बारमाही हिरवाई : पाइन लावावा की सुरू?

मुंब्र्याच्या डोंगरापासून मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत आणि कल्याण-डोंबिवलीच्या सभोवारच्या टेकड्यांवर आषाढात जी हिरवळ दाटते, ती कार्तिक सरता सरता पिवळी पडते. होळीनंतर तेथे तापलेला मुरूम आणि उघडा कातळ यांखेरीज फारसे काही दृष्टीस पडत नाही. चार महिने मुसळधार पाऊस आणि उरलेले आठ महिने जवळजवळ वाळवंटी कोरडेपणा, असे या भूमीचे दुहेरी स्वरूप आहे. चैत्र-वैशाखात पारा कित्येकदा चाळीस अंशांवर जातो. अशा वरकस जमिनीचे मालक असलेले शेतकरी, तसेच ग्रामपंचायती व शाळा, बारमाही हिरव्या झाडाच्या शोधात असतात आणि थंड हवेच्या ठिकाणच्या पाइनकडे त्यांचे मन ओढ घेते. हौसेने आणलेली महागडी रोपे पहिल्या पावसाळ्यात तजेलदार दिसतात व पुढच्या उन्हाळ्यात वाळून जातात. त्यात पैसा व श्रम तर जातातच, पण त्याहून मोठी हानी म्हणजे "आमच्या डोंगरावर झाड जगतच नाही" अशी गावाची समजूत होऊन बसते. ही समजूत खरी नाही. झाडाची निवड व पाण्याची व्यवस्था यांचा मेळ बसला पाहिजे, इतकेच.

वाळवंटात पाइन कसा जगतो?

पाइन उष्ण व कोरड्या प्रदेशात मुळीच वाढत नाही, असे मात्र नाही. इस्राएलमध्ये नेगेव वाळवंटाच्या कडेला यातीर नावाचे वन आहे. तेथे 1964 पासून अलेप्पो पाइन या जातीची लागवड झाली आणि आज ते त्या देशातील सर्वांत मोठे लावलेले वन गणले जाते. तेथील वार्षिक पाऊस सुमारे 280 मिलिमीटर आहे. ठाणे जिल्ह्यात याच्या आठपटीहून अधिक पाऊस पडतो. मग तेथे जगणारे झाड येथे का जगू नये, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

याचे उत्तर पावसाच्या वेळेत आणि मातीच्या खोलीत आहे. यातीरचा पाऊस हिवाळ्यात पडतो. हवा थंड असल्यामुळे पाणी फारसे उडून जात नाही, झाड त्याच काळात वाढते आणि उन्हाळ्यात वाढ थांबवून स्वस्थ राहते. आपल्याकडे पाऊस उष्ण व दमट दिवसांत एकदम कोसळतो. भूमध्य समुद्राकाठच्या झाडास अशी ओल मानवत नाही व त्याची मुळे कुजण्याचा संभव असतो. हिमालयातील चीड हा पाइनच होय. परंतु तो सुमारे पाचशे ते दोन हजार मीटर उंचीवरील डोंगरउतारांचा रहिवासी आहे. कॅरिबियन पाइनसारख्या काही जाती उष्ण दमट हवेत वाढतात. पण त्यांनाही मुळे खोल जातील अशी जमीन लागते. शिवाय पाइनच्या मुळांशी एक विशिष्ट बुरशी सहवासाने राहते. तीच झाडाला मातीतील पाणी व स्फुरद मिळवून देते. जेथे पूर्वी पाइन नव्हता तेथील मातीत ही बुरशी बहुधा नसते आणि तिच्यावाचून रोपे पिवळी पडून खुंटतात.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. रोपवाटिकांत "ख्रिसमस ट्री" म्हणून जे डौलदार झाड विकले जाते, ते बहुधा अरोकेरिया असते. ते पाइन नव्हे. अंगणातील कुंडीत ते शोभते. उघड्या मुरमाड टेकडीसाठी त्याची खरेदी करू नये.

पाइनसारखा दिसणारा आपला सुरू

पाइनसारखे सुईदार, सदाहरित आणि उष्ण हवेत वाढणारे झाड कोकणपट्टीस अनेक वर्षांपासून परिचित आहे. ते म्हणजे सुरू होय. यासच खडशेरणी असेही म्हणतात. केळवे, डहाणू व बोर्डी येथील किनाऱ्यावर सुरूची बने आहेत. हा भाग 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. पश्चिम किनाऱ्यावर कारवार भागात 1868 च्या सुमारास आगगाडीच्या इंजिनांना जळण मिळावे म्हणून सुरूची लागवड सुरू झाली.

सुरू पाइनच्या कुळातील नाही. त्याच्या ज्या हिरव्या सुया दिसतात त्या पाने नसून सांधे असलेल्या बारीक डहाळ्या आहेत. खरी पाने प्रत्येक सांध्यावर सूक्ष्म खवल्यांच्या रूपात असतात. पानांचा विस्तार असा आटोपशीर असल्यामुळे झाड खारा वारा व कडक ऊन सोसते. त्याच्या मुळांवरील गाठींत फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव राहतात व ते हवेतील नत्र झाडास मिळवून देतात. म्हणूनच निकस वाळूतही सुरू वाढतो.

तथापि सुरू सर्वत्र लावावा असे नाही. रेताड व निचऱ्याची जमीन त्यास उत्तम. पाणी साचून राहणारी चिकण जमीन त्यास चालत नाही आणि डोंगरमाथ्यावरील वीतभर मातीत तो खुरटतो. खाडीकाठच्या कांदळवनाच्या जागेत तर तो मुळीच लावू नये. कांदळवने हीच तेथील खरी व कायद्याने संरक्षित वनसंपत्ती आहे. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत गेले, हे स्मरणात ठेवावे. ओढ्याकाठची गाळाची निचऱ्याची पट्टी, शेताची वाऱ्याकडील कड आणि बागेभोवतीचे कुंपण या जागा सुरूस योग्य होत.

रोपे तयार करण्याची रीत

सुरूची बोंडे तपकिरी होताच, उकलण्यापूर्वी, काढावीत व दोन-तीन दिवस उन्हात वाळवावीत. बी पंखासारखे हलके व अतिशय बारीक असते आणि फार दिवस टिकत नाही. म्हणून ताजेच पेरावे. मार्गशीर्ष-पौषात गादी वाफ्यावर पेरून वर बारीक वाळूचा पातळ थर द्यावा व झारीने पाणी द्यावे. मुंग्या हे बी वाहून नेतात, यासाठी वाफ्यावर सतत लक्ष असावे. रोपे सुमारे दहा सेंटिमीटर झाली की पिशव्यांत लावावीत. पिशवीच्या मातीत जुन्या सुरूच्या झाडाखालची ओंजळभर माती मिसळल्यास मुळांवर गाठी लवकर धरतात. पावसाच्या प्रारंभी, जमीन चांगली भिजल्यावर, रोपे कायमच्या जागी लावावीत. वासे मिळवण्यासाठी दोन मीटर अंतर पुरते व त्या हिशेबाने हेक्टरी 2500 झाडे बसतात.

डोंगरउतारासाठी कोणती झाडे?

जेथे मुरूम वर आला आहे अशा उतारावर सदाहरित झाडांपैकी काजू, आंबा, जांभूळ व करंज यांची निवड करावी. काजू हलक्या वरकस जमिनीत येतो व उत्पन्नही देतो. यांच्या जोडीस ऐन व खैर ही येथल्या रानची झाडे घ्यावीत. ती उन्हाळ्यात पाने गाळतात, पण पालापाचोळ्याने माती घडवतात. आधी माती आणि मग सदाहरित रान, हाच निसर्गाचा क्रम होय.

पाण्याचा हिशेब

वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला तर एका गुंठ्यावर सुमारे अडीच लाख लिटर पाणी पडते. एका रोपास माघापासून ज्येष्ठापर्यंत, सोळा आठवडे, आठवड्यास पाच लिटर पाणी दिले तर ऐंशी लिटर लागतात, म्हणजे 2500 रोपांस दोन लाख लिटर. याचा अर्थ असा की, एका गुंठ्यावर पडणारे पाणी जर साठवून ठेवता आले, तर हेक्टरभर रोपांची उन्हाळ्याची तहान भागते. पाऊस किती पडला यापेक्षा किती अडला आणि किती मुरला, याला महत्त्व आहे. म्हणून रोपांच्या आधी समतल चर खणावेत. चराची माती उताराच्या खालच्या अंगास घालून त्या भरावालगत रोप लावावे. आळ्यात पेंढा किंवा वाळके गवत पसरावे, म्हणजे ओल टिकते. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते. ते कोण व कोठून देणार हे ठरल्याशिवाय रोपे आणू नयेत.

वणवा हा मुख्य शत्रू

या भागातील लागवड पाण्याअभावी जितकी मरते, तितकीच वणव्यानेही मरते. सुरूस तर आगीची झळ मुळीच सोसत नाही आणि त्याच्या सुयांचा थर लवकर पेट घेतो. म्हणून पौष महिन्यातच लागवडीभोवती किमान तीन मीटर रुंदीची जाळरेषा साफ करावी व आतील गवत कापून वैरणीस न्यावे. भातरोपांसाठी राब भाजताना ठिणगी डोंगरावर जाते, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. शक्य तेथे राब न भाजता गादी वाफ्यावर शेणखत घालून रोपे करावीत. त्यायोगे आगीचे भय टळते व राबासाठी झाडांच्या फांद्याही छाटाव्या लागत नाहीत.

तोडणी व परवानगी

चांगल्या जमिनीत सुरूचे वासे चार ते सहा वर्षांत तोडणीस येतात. खुंटास पुन्हा जोमदार फूट येत नाही, म्हणून तोडणीनंतर नवी लागवड करावी लागते. सर्व झाडे एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने तोडावीत, म्हणजे आडोसा कायम राहतो. ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या हद्दीत वृक्षतोडीसाठी 1975 च्या कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. ग्रामीण भागात तोडीपूर्वी वन खात्याकडे चौकशी करावी.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी लागवडीचा आकडा मोजताना पावसाळ्यातील रोपे न मोजता पुढच्या वैशाखात जिवंत राहिलेली रोपे मोजावीत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. शंभर रोपे लावून दहा जगवण्यापेक्षा वीस लावून अठरा जगवणे हे गावाच्या अधिक हिताचे होय. एका टेकडीवर इतके साधले, तर शेजारच्या गावास निराळा उपदेश करण्याची गरज उरणार नाही.